एल रँचो: थिएटरवाल्याने बांधलेला वेस्ट

गुरुवार : अल्बुकर्की ते गॅलप

सप्टेंबरअखेरीला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात मिरच्या भाजण्याचा हंगाम असतो. अल्बुकर्कीत दादा-वहिनी राहतात त्या भागात दुकानांच्या दारातच जाळीची पिंपं आडवी बसवलेली असतात. खाली गॅसच्या ज्वाळा धडधडत असतात आणि एक माणूस पिंप गरागरा फिरवत असतो. हिरव्या मिरच्यांची सालं काळी पडून तडकतात आणि वास दोन चौक पुढेपर्यंत येतो. वहिनीला वर्षाची बेगमी करायची होती, त्यामुळे निघायलाच अकरा वाजले. दादा गाडीत बसून चुळबुळत होता. ही सगळी सहल त्याच्या हट्टापायी होती.

दादाची पिढी काउबॉय चित्रपटांवर वाढली. त्यातही ‘मॅकेनाज गोल्ड’. 1969चा हा चित्रपट अमेरिकेत आपटला आणि भारतात मात्र वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत राहिला. दादाने तो पुण्यात शाळा बुडवून मॅटिनीला पाहिला आणि घरी मार खाल्ला, ही आमच्या घरातली सर्वमान्य कथा. आता निवृत्तीनंतर त्याला तो ‘वेस्ट’, म्हणजे चित्रपटांतला अमेरिकेचा पश्चिम मुलूख, हिंडून पाहायचाय. ग्रँड कॅन्यनबद्दल मी विचारून पाहिलं, तर म्हणाला, “ते सगळेच बघतात. तुला मी जॉन वेन जिथे उतरायचा तिथे राहायला नेतो.”

ते ठिकाण म्हणजे गॅलप गावातलं हॉटेल एल रँचो. अल्बुकर्कीच्या पश्चिमेला सव्वादोनशे किलोमीटर.

आंतरराज्य महामार्ग 40 वरून जाताना उजव्या हाताला लगुना पुएब्लो या मूळनिवासी गावाचं पांढरं चर्च टेकडीवर दिसतं, ते 1699 सालचं. त्यानंतर काळ्या लाव्ह्याचे थर लागतात. मग ग्रँट्स. 1950 मध्ये पॅडी मार्टिनेझ नावाच्या, नवाहो या मूळनिवासी अमेरिकी जमातीतल्या माणसाला इथे युरेनियमचा खडक सापडला आणि पुढची काही दशकं हा सगळा टापू खाणींचा झाला. त्याचं मोल नवाहो लोकांनी आरोग्याने चुकतं केलं. पुढे कॉन्टिनेंटल डिव्हाइडची पाटी येते. इथून पूर्वेला पडलेला पाऊस अटलांटिकच्या वाटेला लागतो आणि पश्चिमेचा पॅसिफिकच्या. “पडला तर,” वहिनी म्हणाली.

तिथून पुढे उजवीकडे लाल कड्यांची भिंत सुरू होते, ती थेट गॅलपपर्यंत साथ देते. ही भिंतच गॅलपची खरी मिळकत. पण तिची कहाणी उद्याची.

गॅलप गाव रेल्वेने वसवलं, 1881 साली. अटलांटिक अँड पॅसिफिक रेल्वेचं काम इथवर आलं, तेव्हा मजुरांचा पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याचं आडनाव गॅलप होतं. मजूर पगाराला ‘गॅलपकडे’ जायचे, आणि तेच नाव गावाला चिकटलं. कोळसा सापडला म्हणून गाव टिकलं. आजही लोकवस्ती बावीस हजारांच्या आसपास. रूळ गावाच्या मधून जातात, रुळांना समांतर रूट 66 हा शिकागो ते लॉस एंजेलिसचा जुना महामार्ग, आणि त्या रस्त्यावर पूर्वेच्या टोकाला आमचं हॉटेल.

बाहेरून पाहिल्यावर मी थोडी गोंधळले. ओबडधोबड दगड, विटा, ओंडके, वर लाकडी सज्जा, आणि समोर दक्षिणेतल्या मळेवाल्या जमीनदाराच्या हवेलीला शोभेल असा खांबांचा भलामोठा पोर्च. वर निऑनची पाटी. ही वास्तू नेमकी कोणत्या प्रांतातली ते काही कळेना. उघडलं तेव्हा याची जाहिरात ‘जगातलं सर्वांत मोठं रँच हाउस’ अशी होत असे. एकही गाय न पाळलेलं रँच हाउस. दारावर हॉटेलचं घोषवाक्य रंगवलंय, त्याचा मथितार्थ असा की मोहिनी कालची, सोयी उद्याच्या.

आणि मग आत पाऊल टाकलं.

लॉबी दोन मजली उंच. समोरच्या भिंतीत दगडविटांच्या कमानीखाली माणूस वाकून आत शिरेल एवढी शेकोटी. तिच्या दोन्ही बाजूंनी वळत वर जाणारे दोन जिने, आणि त्यांच्या पायऱ्या चिरलेल्या ओंडक्यांच्या. मी जिन्याच्या कठड्यावर हात फिरवला. लाकडाच्या गाठी तशाच ठेवलेल्या, पण इतक्या हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या, की गाठ डोळ्यांना दिसते तेवढी बोटांना लागत नाही. वर चारही बाजूंनी सज्जा, त्याच्या कठड्यांवर नवाहो गालिचे टाकलेले. भिंतींवर शिंगांसकट हरणांची मुंडकी, खाली काळपट, जडशीळ कोरीव फर्निचर. सगळं थोडं जास्तच आहे. एक मुंडकं कमी असतं तरी चाललं असतं असं वाटतं, आणि लगेच हेही वाटतं की मग ते एल रँचो राहिलं नसतं.

खोल्यांना क्रमांकाबरोबर नटनट्यांची नावं आहेत. दादाला अर्थातच जॉन वेन हवा होता, तो आधीच कोणीतरी पटकावलेला. आमच्या वाट्याला आलेल्या नावावर वहिनी आणि मी खूश होतो. दादाने तोंड वाकडं केलं.

रात्री रस्त्यापलीकडून मालगाड्या जात राहिल्या. डबल-डेकर कंटेनर लादलेल्या, संपता न संपणाऱ्या. मला रेल्वेचा आवाज आवडतो. गावाचा जन्म ज्या आवाजातून झाला तो अजून चालू आहे, असं काहीबाही मनात येत झोप लागली.

शुक्रवार : गॅलप

सकाळी हॉटेलच्याच रेस्टॉरंटात नाश्ता. मेनूतल्या पदार्थांनाही तारेतारकांची नावं. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न या राज्यात वेगळाच असतो, तो म्हणजे लाल की हिरवी? मिरचीचा रस्सा कोणता घालू, असा त्याचा अर्थ. 1996 साली न्यू मेक्सिकोने या प्रश्नाला राज्याचा अधिकृत प्रश्न म्हणून मान्यता दिली. दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. वहिनी शाकाहारी, त्यामुळे घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी नाही ना, हा तिचा आणखी एक प्रश्न असतो. या राज्यात कुठेही जा, शाकाहारी माणसाने तो विचारूनच घ्यावा.

नाश्ता झाल्यावर सज्ज्यावर गेलो. तिथे ओळीने सह्या केलेले फोटो आहेत. स्पेन्सर ट्रेसी, कॅथरिन हेपबर्न, कर्क डग्लस, ग्रेगरी पेक, रोनाल्ड रेगन. रेगनचा फोटो पाहणारे बहुतेक जण त्याला राष्ट्राध्यक्ष म्हणून ओळखतात, पण इथे तो घोड्यावर बसणारा पगारी नट म्हणून उतरला होता. एरॉल फ्लिन म्हणे घोड्यावर बसूनच बारमध्ये घुसला होता. म्हणे, असंच म्हणते. अशा गोष्टी प्रत्येक जुन्या हॉटेलात असतात आणि घोडा नेहमी शांत असतो.

आता हे हॉटेल बांधलं कोणी, ते सांगते. इथे सगळीकडे लिहिलेलं दिसतं की आर. ई. ग्रिफिथ यांनी, म्हणजे मूकपटांच्या काळातला थोर दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा भाऊ. मला हे भाऊपण पटत नाही. डी. डब्ल्यू. केंटकीचा. आर. ई. आणि त्याच्या सख्ख्या भावांचा धंदा ओक्लाहोमा-टेक्सास-न्यू मेक्सिकोकडचा, आणि तो चित्रपट काढण्याचा नव्हता, दाखवण्याचा होता. 1939 पर्यंत ग्रिफिथ बंधूंच्या कंपन्यांची थिएटरं 85 गावांत होती. सगळ्या गावांची मिळून एकगठ्ठा बोली लावायची आणि चांगले चित्रपट आधी आपल्याकडे खेचायचे, ही त्यांची रीत. गावातल्या एकट्यादुकट्या थिएटरवाल्याचा त्यात निभाव लागत नसे. सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला, आणि 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिथांच्या विरोधात निकाल दिला. आर. ई. तोवर वारला होता, 1943 मध्ये.

मला ही माहिती भाऊपणाच्या दंतकथेपेक्षा कितीतरी जास्त रंजक वाटते. कारण मग या लॉबीचा उलगडा होतो. वेस्ट कसा दिसतो, हे या माणसाने गुराख्यांकडून ऐकलेलं नव्हतं. गावोगावचे प्रेक्षक पडद्याकडे पाहून केव्हा टाळ्या वाजवतात हे त्याला ठाऊक होतं. त्याने तोच वेस्ट दगडात आणि लाकडात बांधला. प्रेक्षकांना जे पाहायला आवडतं त्यात नटांनी राहायचं.

हॉटेल उघडलं 17 डिसेंबर 1937 रोजी. वेळ उत्तम साधली होती. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतला रूट 66 सरळ करण्यात आला. आधी तो सांता फेला वळसा घालून जायचा, तो आता थेट अल्बुकर्कीवरून येऊ लागला. पुढच्या वर्षी शिकागो ते लॉस एंजेलिसचा सगळा रस्ता पक्का झाला. लॉस एंजेलिसहून रेल्वे सरळ गॅलपला येते. बाहेर लाल कडे, अफाट आकाश, कॅमेऱ्याला हवी तशी लख्ख हवा. घोडे आहेत, घोड्यावर बसणारे नवाहो लोक आहेत. उणीव होती ती फक्त एकाच गोष्टीची. दिवसभर धूळ खाल्लेल्या नटाला संध्याकाळी गरम पाणी, चांगलं जेवण आणि बार मिळायला हवा. ग्रिफिथने ते दिलं. नोकरवर्गाला तयार करण्याचं काम फ्रेड हार्वे कंपनीने केलं. सांता फे रेल्वेच्या स्थानकांवरची हॉटेलं आणि उपाहारगृहं चालवणारी ही कंपनी तिच्या कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध होती. म्हणजे देखावा रांगडा, पण चमचा-काटा जागच्या जागी.

1940 आणि 50च्या दशकांत इथे चित्रपटांची नुसती रीघ लागली. मला त्यातला एक महत्त्वाचा वाटतो, आणि तो काउबॉयचा नाहीच. बिली वाइल्डरचा ‘एस इन द होल’, 1951चा. कर्क डग्लस त्यात पडेल बातमीदार आहे. डोंगरातल्या गुहेत एक माणूस अडकतो आणि हा बातमीदार बातमी टिकावी म्हणून त्याची सुटका लांबवतो. बाहेर बघ्यांची जत्रा भरते, तिकिटं, पाळणे, गाणी. त्या जत्रेचा अवाढव्य सेट गॅलपजवळच उभारला होता आणि गर्दीत आसपासचे लोकच उभे होते. एखाद्या जागेचा तमाशा कसा करतात, यावरचा इतका कडू चित्रपट याच गावात काढला जावा! तेव्हा तो चालला नाही. आता जाणकार डोक्यावर घेतात.

1960च्या दशकात काउबॉय चित्रपटांचे दिवस फिरले. मग महामार्ग 40 गावाला बगल देऊन गेला. प्रवासी वेगाने निघून जाऊ लागले, उतरणारे साखळी मोटेलांत उतरू लागले. 1985 मध्ये रूट 66 हा क्रमांकच सरकारी यादीतून गेला. एल रँचो बंद पडलं आणि पाडायची भाषा सुरू झाली. 1988 मध्ये त्याचं नाव राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत लागलं. साधारण त्याच सुमारास आर्मंड ऑर्टेगा यांनी ते घेतलं आणि दुरुस्त करून पुन्हा चालू केलं. ऑर्टेगांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या नवाहो आणि झुनी लोकांशी दागिने-गालिच्यांचा व्यापार करणारं. म्हणजे सिनेमावाल्याने बांधलेला वेस्ट शेवटी वाचवला तो त्या मुलखात खरोखर धंदा केलेल्या माणसाने. लॉबीलगत दागिन्यांचं दुकान आहे, तेही त्याच वारशाचं.

गॅलपमध्ये याआधीचं एक मोठं हॉटेल होतं, एल नवाहो. रेल्वे स्थानकालगत, मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी आखलेलं, 1923चं. नवाहो वाळूचित्रांवरून केलेली रंगकला त्याच्या भिंतींवर होती. ते 1957 मध्ये पाडलं. जे विचारपूर्वक, अभ्यासून केलेलं होतं ते गेलं आणि जे टाळ्यांसाठी केलेलं होतं ते राहिलं. माझ्या मनाला हे जरा लागलं.

दुपारी गावात हिंडलो. गॅलपच्या मुख्य रस्त्यावर ओळीने ट्रेडिंग पोस्ट आहेत, काही शंभर वर्षांहून जुनी. ही नुसती दुकानं नाहीत. नवाहो कुटुंबं चांदी-फिरोजाचे दागिने, खोगिरं, बंदुका इथे गहाण टाकतात, लोकर विकून किंवा पगार झाल्यावर सोडवतात. पेढीपेक्षा गहाणवटीवर जास्त विश्वास असण्याची कारणं इथल्या इतिहासात आहेत. शिवाय घरापेक्षा दुकानाच्या तिजोरीत दागिना सुरक्षित राहतो, हाही हिशोब. सुटला नाही तो माल विक्रीला येतो. एका दुकानात मी चांदीचा जुना कमरपट्टा हातात घेतला. एका टिकलीची मागची बाजू बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेली होती. बांधणाऱ्याचा हात नेहमी त्याच जागी पडत असणार. कोणाचा होता ते चिठ्ठीवर नव्हतं. वहिनीने किंमत पाहून तो माझ्या हातून काढून जागेवर ठेवला.

गॅलपविषयी एक गोष्ट मला हॉटेलपेक्षाही आवडली. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना सरकारने छावण्यांत टाकलं, तेव्हा गॅलपने आपल्या जपानी शेजाऱ्यांना द्यायला नकार दिला. त्याच गावातल्या हिरोशी मियामुराला पुढे कोरियन युद्धातल्या शौर्यासाठी ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. यावर चित्रपट काढायला मात्र कोणी इकडे उतरलं नव्हतं.

शनिवार : गनाडो आणि कॅन्यन डी शे

आज दादाचा दिवस. सकाळी लवकर निघून गॅलपच्या वायव्येला, नवाहो नेशनमध्ये. क्षेत्रफळ जवळपास 70 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जरासं कमी. स्वतःचं सरकार, स्वतःचे पोलीस. राजधानी विंडो रॉक. खडकाला आरपार मोठं भोक पडलंय म्हणून हे नाव. त्याच्या पायथ्याशी कोड टॉकर्सचं स्मारक आहे. 1942 मध्ये 29 नवाहो मरीन सैनिकांनी आपल्या भाषेवरून संकेतभाषा रचली आणि जपानला ती शेवटपर्यंत फोडता आली नाही. ज्यांना शाळेत याच भाषेबद्दल शिक्षा व्हायच्या, त्यांनी हे करावं.

इथे घड्याळांचा घोळ असतो. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन करतं, आणि नवाहो नेशनच्या पोटात असलेले होपी लोक पुन्हा करत नाहीत. वहिनीचा मोबाइल दर थोड्या वेळाने मत बदलत होता. शेवटी तिने तो पर्समध्ये टाकला.

गनाडोला हबेल ट्रेडिंग पोस्ट आहे. जॉन लोरेंझो हबेलने 1878 मध्ये घेतलेलं, आणि दुकान अजून चालू. आत शिरलं की जुनी फळ्यांची जमीन करकरते. तिन्ही बाजूंना उंच काउंटर, मागे पिठाची पोती, कॉफी, डबे. आतल्या खोलीत गालिच्यांच्या थप्प्या. भिंतीवर लहान लहान चौकटींत गालिच्यांच्या नक्ष्या रंगवून लावल्यात. हबेल त्या विणकर बायकांना दाखवून म्हणायचा, असं विणून आण, हे खपतं. लाल भडक रंगाची, मध्ये चौकट असलेली ‘गनाडो रेड’ नावाची शैली अशीच घडली. म्हणजे पूर्वेकडच्या गिऱ्हाइकाला काय आवडेल याचा विचार इथेही होताच, ग्रिफिथच्या कितीतरी आधी. फरक एवढाच की इथे विणणाऱ्या बाईने नक्षी घेतली आणि आपली केली. आज प्रत्येक गालिच्याच्या चिठ्ठीवर विणकर बाईचं नाव असतं.

मी एक लहान गालिचा उलटून पाहिला. उलटी आणि सुलटी बाजू सारखीच, एकही धागा लोंबत नाही. दुकानातल्या बाईंनी सांगितलं की मेंढी कातरण्यापासून धरलं तर एवढ्या तुकड्यालाही काही महिने जातात. मग किंमत महाग वाटेनाशी झाली. परवडेनाशीच राहिली, ते वेगळं.

तिथून उत्तरेला चिनले आणि कॅन्यन डी शे. दक्षिणेच्या कड्यावरून रस्ता जातो, थांबे आहेत, आणि सर्वांत शेवटी स्पायडर रॉक. दरीच्या तळातून साडेसातशे फुटांहून उंच असा लाल सुळका एकटा वर आलाय. दादा कठड्याशी जाऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच गप्प झाला. ‘मॅकेनाज गोल्ड’मध्ये ज्याची सावली सरकत सरकत सोन्याच्या दरीची वाट दाखवते, तो सुळका हाच. मग बोलायला लागला तो थांबेना. ग्रेगरी पेक कुठून येतो, ओमर शरीफ काय करतो, सूर्य उगवतो तेव्हा घोडे कसे पळतात. शेजारच्या जर्मन जोडप्यालाही त्याने सांगितलं. त्यांनी हा चित्रपट पाहिलेला नव्हता. दादाला त्यांची दया आली.

थांब्यावर एक नवाहो बाई मण्यांच्या माळा घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की या सुळक्यावर स्पायडर वुमन राहते. नवाहो बायकांना विणायला तिने शिकवलं. माग बांधण्याची रीत तिच्या नवऱ्याची, आडव्या दांड्या आकाश आणि पृथ्वीच्या. आणि पोरं ऐकेनाशी झाली की आयाआज्या सांगतात, ती तुला वर घेऊन जाईल. टोकावर पांढरं दिसतंय ना, ती न ऐकणाऱ्या मुलांची हाडं आहेत. दादाने मान वर करून ते पांढरं निरखून पाहिलं. “आपल्या वेळी हे माहीत असतं तर आईला सोपं गेलं असतं,” मी म्हणाले.

खाली दरीत शेतं दिसत होती, पिवळी पडायला आलेली झाडं, एक ट्रक. अजूनही नवाहो कुटुंबं तिथे शेती करतात, परक्या माणसाला वाटाड्याशिवाय दरीत उतरता येत नाही. 1864 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या किट कार्सनच्या फौजा इथे शिरल्या, घरं आणि धान्य जाळलं, पीचच्या बागा तोडल्या. हजारो नवाहोंना पाचशे किलोमीटर पायी चालवत फोर्ट समनरच्या छावणीत नेलं. वाटेत आणि छावणीत किती मेले त्याची मोजदाद नाही. 1868च्या तहानंतर जे उरले ते परत आले. काउबॉय चित्रपटांत घोडदळाचं बिगूल वाजलं की आपण टाळ्या वाजवायचो, ते हे घोडदळ. दादाला हे माहीत नव्हतं असं नाही. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गाडी चालवत राहिला, गाणी न लावता.

रात्री एल रँचोच्या लॉबीत बसलो. शेकोटीसमोरच्या जड खुर्च्यांत. आता मी मुंडक्यांकडे पाहतच नव्हते, सज्ज्यावरच्या गालिच्यांकडे पाहत होते. ही लाल चौकट गनाडोची. पलीकडचा तपकिरी-करडा-काळा तो टू ग्रे हिल्स या शैलीचा, त्यात सहसा रंग घालत नाहीत, मेंढीच्या लोकरीचे मूळ रंग. या दिमाखदार सेटवर खऱ्या वस्तू कोणत्या, तर ज्या सजावट म्हणून टाकल्यात त्या. बाकी हॉटेलही आता इतकं जुनं झालंय की त्याला खोटं म्हणायला जीभ रेटत नाही. सिनेमासाठी केलेला का होईना, त्याला जवळपास नऊ दशकांचा वापर आहे. लॉबीत एक नवाहो कुटुंब नातवाच्या वाढदिवसाला जमलं होतं. आजोबांच्या डोक्यावर काळी काउबॉय हॅट, आजींच्या मनगटावर फिरोजाची दोन जाड कडी. पोरगं ओंडक्यांच्या जिन्यावरून वर-खाली पळत होतं. या जागेचे खरे मालक कोण, हा वाद त्याच्यापुरता मिटलेला होता.

रविवार : होलब्रुक, विन्सलो

सकाळी हॉटेल सोडलं आणि पश्चिमेला ॲरिझोनात शिरलो. एक तास फुकट मिळाला. पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये दगड झालेले ओंडके पाहिले, वीस कोटी वर्षांहून जुने. सुंदर आहेत, पण ऊन फार होतं.

होलब्रुकला विगवॅम मोटेल आहे. सिमेंटचे पांढरे तंबू, 15, अर्धगोलात उभे, आत खाट आणि न्हाणीघर, बाहेर जुन्या गंजक्या मोटारी. 1950 सालचं बांधकाम. ही कल्पना मूळची फ्रँक रेडफर्डची, तो केंटकीचा. होलब्रुकच्या चेस्टर लुइसने त्याच्याकडून आराखडे घेतले, आणि मोबदला असा ठरला की प्रत्येक खोलीत नाणं टाकून चालणारा रेडिओ ठेवायचा, त्यात पडलेली नाणी रेडफर्डची. असे शंकू उत्तरेच्या मैदानी जमातींचे, इकडच्या कोणाचेही नाहीत. नवाहो लोकांची घरं म्हणजे होगन, ठेंगणी आणि मातीची. मोटारीतून जाणाऱ्याला होगन चटकन ओळखू येणार नाही, तंबू येतो. वहिनीने इथे सर्वांत जास्त फोटो काढले.

जेवायला विन्सलोच्या ला पोसाडात. हेही मेरी कोल्टर यांचं, 1930चं. कोणा श्रीमंत स्पॅनिश घराण्याची ही जुनी हवेली आहे अशी कल्पना करून बाईंनी ते आखलं. असं घराणं कधी नव्हतंच. 1957 मध्ये हेही बंद झालं, रेल्वेने त्यात कचेऱ्या घातल्या. 1997 मध्ये ॲलन ॲफेल्ट यांनी ते घेतलं आणि पुन्हा उभं केलं. कमानी, बाग, मागे थेट रेल्वेचा फलाट. इथली प्रत्येक खिडकी विचार करून ठेवलेली आहे, आणि तुलनाच करायची तर वास्तू म्हणून एल रँचो हिच्या पासंगालाही पुरणार नाही. हे मी बोलून दाखवलं. दादा म्हणाला, “असेल. पण तिथे हसू येतं. इथे हळू आवाजात बोलावं लागतं.” मला उत्तर सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर त्याने ग्रिफिथचा पुढचा उद्योग सांगितला. गॅलपनंतर त्याला न्यू मेक्सिकोतच डेमिंगला दुसरं हॉटेल बांधायचं होतं. वाटेत लास व्हेगास पाहिलं आणि बेत बदलला. पुतण्या विल्यम मूरला हाताशी धरून ऑक्टोबर 1942 मध्ये त्याने तिथे हॉटेल लास्ट फ्रंटियर उघडलं. आजच्या झगमगत्या ‘स्ट्रिप’ या हॉटेलांच्या रस्त्यावरचं ते दुसरंच मोठं हॉटेल, आणि थाट तोच, ओंडके, दगड, खोगिरं. पुढे ते बदलत बदलत न्यू फ्रंटियर झालं, 1956 मध्ये एल्व्हिस प्रेस्ली तिथे गायला, आणि 2007 मध्ये सुरुंग लावून सगळं पाडलं. त्या हॉटेलाबरोबर बांधलेलं एक चिमुकलं लाकडी चर्च तेवढं वाचलं. पुन्हा पुन्हा उचलून नव्या जागी नेत नेत ते अजून चालू आहे, आणि लोक तिथे रांग लावून लग्नं लावतात.

“पुढच्या वर्षी तिकडे जाऊ,” दादा म्हणाला.

“मुळीच नाही,” वहिनी मागच्या सीटवरून म्हणाली. “आपलं एकदा झालंय, तेवढं पुरे.”